‘हसो’ टाकून एफ-थ्री दाबलं की…

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर खाली कमेंटमध्ये कुणी शहाणपण शिकवायला नको. भूतखेत, करणी, बाहेरचं, आतलं... यातलं मी काही मानत नाही. गावात पारावर असले किस्से रंगले की मी उठून घरी जाऊन झोपतो. माझा विश्वास एकाच गोष्टीवर आहे, कंट्रोल एस. दर दोन मिनिटांनी सेव्ह करावं, मग कुणाची नजर लागत नाही. चोवीस वर्षं दस्त टाईप करणाऱ्या माणसाकडून तुम्ही अजून काय अपेक्षा करणार?

तर जागा सांगतो. शिरूर. तहसील कचेरीजवळच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. मालक म्हणजे वकीलसाहेब. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण हे लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. त्यांच्या हाताखाली मी हेड टायपिस्ट. ‘हेड’ अशासाठी की दुसरा टायपिस्टच नाही. आमची एक शाखा दौंडला आहे, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, तिथं मनीषा बसते. मनीषा बी.कॉम. झालेली, हुशार, टायपिंगचा स्पीड माझ्याहून जास्त... पण हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, वाटपपत्र, माणसाला जे काही कागदावर आणायचं असेल ते आम्ही आणून देतो.

आता थोडं कामाबद्दल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दस्तात तेच तेच परिच्छेद पुन्हा पुन्हा येतात. ते दरवेळी कोण टाईप करणार? म्हणून परिच्छेद एकदाच टाईप करून कॉम्प्युटरमध्ये ठेवायचा आणि त्याला दोन-तीन अक्षरी नाव द्यायचं. ते नाव टाकून एफ-थ्रीचं बटण दाबलं की अख्खा परिच्छेद कागदावर पडतो. चतुःसीमेला ‘चसी’, कुलमुखत्यारपत्राला ‘कुमु’, हक्कसोडपत्राला ‘हसो’. पूर्वी दौंडचे परिच्छेद दौंडच्या मशीनमध्ये आणि शिरूरचे शिरूरच्या. मी ‘बप’ म्हणजे बक्षीसपत्र ठेवलेलं, तिकडं ‘बप’ म्हणजे बँकेचं पत्र. एकदा एका आजोबांनी नातवाला जमीन बक्षीस द्यायची, तर दस्तात मध्येच ‘माझे पासबुक गहाळ झाले असून’ असं आलं. आजोबा घरी जाऊन दोन दिवस पासबुक शोधत होते.

हा गोंधळ निस्तरला साळवे सरांनी. साळवे सर म्हणजे कोर्टातून रिटायर झालेले टायपिस्ट, नंतर काही वर्षं आमच्या दौंडच्या ऑफिसात होते. त्यांनी सगळे परिच्छेद एका टेम्प्लेटमध्ये आणले, नावं एकसारखी केली, आणि ती फाईल दोन्ही ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली. शिरूरला वर्ड उघडा की दौंडला, परिच्छेद तेच. फाईलचं नाव ‘सामाईक’. मी तेव्हाच म्हणालो होतो, सर, सामाईक विहीर असो नाहीतर सामाईक बांध, भांडणं होतातच. सर म्हणाले, “म्हणूनच यात कुणीही परस्पर बदल करायचा नाही. काही हवं असेल तर वहीत लिहा.” आणि खरंच, त्या फाईलला कुणी हात लावत नाही.

या टेम्प्लेटमध्ये एक वाक्य आहे. ‘सदरचा दस्त मी माझ्या राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणतेही नशापाणी न करता, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून देत आहे.’ माझ्या हातून हे वाक्य इतक्या वेळा पडलंय की बायकोने भाजी कशी झाली विचारलं तरी तोंडात तेच येतं.

हक्कसोड काय असतं हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... बाप गेला की सातबाऱ्यावर मुलांबरोबर मुलींचीही नावं लागतात. मग एक दिवस गाडी करून बहिणींना आणतात. सह्या, अंगठे, फोटो. बाहेर मिसळ खातात, हातात साडी पडते, आणि दिवस मावळायच्या आत बहिणी सासरी. झालं, हक्क सुटला. यात कुणाला काही वाटत नाही, निदान मला तरी वाटत नव्हतं.

आणि हेही आताच सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. त्या महिन्यात माझं स्वतःचंच एक हक्कसोड व्हायचं होतं. आमचे आबा वारले. न्हावऱ्याच्या पुढे आमची चार एकर, सातबाऱ्यावर माझं आणि आक्काचं नाव. आक्का माझी मोठी बहीण, दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये असते, दाजी रेल्वेत. मला रोडच्या कडेला घर बांधायचं होतं आणि उतारा माझ्या एकट्याच्या नावावर हवा होता. आक्का फोनवर एवढंच म्हणाली होती, “करते की सही. कवा येऊ?” शुक्रवारची वेळ घेतली होती. बायकोने मोरपंखी साडी आणून कपाटात ठेवली होती.

त्याच्या साधारण तीन आठवडे आधी मनीषाचा फोन आला.

“भाऊ, ‘हसो’मधून ‘राजीखुशीने’ गळतंय.”

“गळतंय म्हणजे? नळ आहे का तो?”

“परिच्छेद पडतोय, पण तो एक शब्द येत नाही. जागा मोकळी राहतीय.”

मी इकडे दाबून बघितलं. अख्खं वाक्य, जागच्या जागी. म्हणालो, तुझाच हात लागला असणार, हाताने टाईप कर आणि दे प्रिंट. दहा मिनिटांनी पुन्हा फोन. स्क्रीनवर शब्द होता, प्रिंटवर नाही. प्रिंटर बदलला, तरी नाही. ‘नशापाणी न करता’ तेवढं ठळक. मी वैतागून म्हणालो, पार्टीला बसवून ठेव, मी बघतो. मनीषा हळू आवाजात म्हणाली, “पार्टी गेली, भाऊ.” पाटसचे दोन भाऊ होते, त्यांची बहीण बाकावर बसली होती. तिने प्रिंटवरची मोकळी जागा बघितली, काय राहिलंय म्हणून विचारलं, मनीषाने सांगितलं. तर ती बाई म्हणाली, “राहू द्या तसंच, बरोबर हाय ते,” आणि पिशवी उचलून सरळ स्टँडवर गेली. भाऊ मनीषावर ओरडून गेले.

मी म्हणालो, योगायोग.

पुढच्या आठवड्यात माझ्याकडे मांडवगणच्या एक आत्याबाई आल्या. सत्तरी पार केलेल्या, मुलगा पुण्याला, जमिनीचं नाव काढलं की हात जोडायच्या. “लिहा बाबा लवकर, भाच्याच्या गळ्यात घाला आन् मला मोकळं करा.” मी ‘हसो’ टाकून एफ-थ्री दाबलं. शब्द आला. दोनदा आला. ‘माझ्या राजीखुशीने राजीखुशीने, अक्कलहुशारीने’. एक खोडला तर पुन्हा दोन. शेवटी तसाच दस्त केला, रजिस्ट्रारसाहेबांनी वाचला नाही म्हणून निभावलं.

मग रांजणगावच्या तीन बहिणी आल्या. दोघींच्या नावापुढे शब्द होता, तिसरीच्या नावापुढे नव्हता. तिसरी खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिचा भाऊ तिला सारखा विचारत होता, चहा घेतीस का, चहा घेतीस का.

मनीषाने वहीत सगळं मांडलं आणि मला फोनवर वाचून दाखवलं. “भाऊ, जिथं बाई मनापासून देतीय तिथं शब्द येतो. जिथं नाही तिथं नाही.” मी तिला जाम झापलं. म्हणालो, बी.कॉम. झालीस आणि असलं बोलतेस? ती शांतपणे म्हणाली, बी.कॉम. झालीय म्हणूनच वहीत मांडून बघितलं.

वकीलसाहेबांनी शिक्रापूरहून कॉम्प्युटरवाला बोलावला. तिकडं कंपन्यांची कामं करणारा, बिहारचा पोरगेला माणूस. त्याने दोन्ही मशीन फॉरमॅट केल्या, वर्ड नव्याने टाकलं, ‘सामाईक’ पुन्हा जोडली. त्याच दिवशी निमगावची पार्टी आली आणि शब्द गायब. तो बॅग आवरत म्हणाला, “सर, मशीन में कुछ नहीं है. ये आपके मराठी का प्रॉब्लेम है.” आणि चहा न घेता गेला.

आता उरले फक्त साळवे सर. फाईल त्यांनी बनवलेली, त्यांनाच माहीत असणार. पण सरांचा नंबर लागेना. वकीलसाहेब एका तारखेला दौंड कोर्टात गेले होते, तिथं कॅन्टीनमध्ये त्यांनी चौकशी केली. परत आले ते पांढरेफटक. टेबलावर फाईल ठेवत म्हणाले, “साळवे सर गेले. दोन महिने झाले म्हणे.”

मला मनापासून वाईट वाटलं. माणूस कडक होता, पण माझ्या चुका त्यांनी कधी साहेबांपर्यंत जाऊ दिल्या नाहीत. आम्ही दोघं उभं राहून दोन मिनिटं शांत राहिलो. फोनवर मनीषा तिकडे उभी राहिली. मी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकला. आणि मग वकीलसाहेबांनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात पुराव्याशिवाय एक शब्द मानला नाही त्यांनी, खुर्ची माझ्या जवळ ओढली आणि विचारलं, “दोन महिने... आणि हे सुरू होऊन किती दिवस झाले?” संध्याकाळी त्यांनी नारळ आणला. सीपीयूपाशी ठेवणार, तेवढ्यात स्पीकरवरून मनीषा म्हणाली, “साहेब, सर बावीस प्रतिज्ञा घेतलेले होते. त्यांना असलं चालायचं नाही, उलट अजून दोन शब्द काढून टाकतील.” साहेबांनी नारळ परत पिशवीत घातला.

सरांचं घर केडगावला आहे असं कळलं. मी म्हटलं, काकूंना भेटून यावं, आणि सरांची ती वही कुठं असेल तर मागून घ्यावी. रविवारी सकाळी मोटारसायकलवर निघालो. स्टेशनच्या अलीकडे घर. चेहरा जमेल तेवढा पडलेला करून कडी वाजवली.

दार साळवे सरांनी उघडलं. तोंडात टूथब्रश.

मी अडाणी माणसासारखा ओरडलो नाही, एवढं इथं नमूद करतो. फक्त दोन पायऱ्या खाली आलो, त्यासुद्धा उलट्या.

सरांनी शांतपणे चूळ भरली. “बाळासाहेब, कोण वारलं?”

“सर... तुम्ही गेला होता ना?”

“गेलो ना. दौंडची खोली सोडली, दोन महिने झाले. इकडे राहायला आलो. नंबरही बदलला.”

आता बघा, एवढी सगळी भाषा आपली, पण ‘गेले’ म्हणजे कुठं गेले हे विचारायची पद्धत नाही. मी खरं काय ते सांगितलं आणि ग्रुपवरचा मेसेजही दाखवला, म्हटलं लपवून काय उपयोग. सरांनी चष्मा लावून तो नीट वाचला. म्हणाले, “‘श्रद्धांजली’तला ‘द्ध’ चुकलाय. ‘सामाईक’मध्ये ‘श्रद’ नावाने ठेवलाय मी, तो का नाही वापरला?” आतून काकू इतक्या हसल्या की चहा उतू गेला.

चहा झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. सरांनी ‘सामाईक’ उघडली, एकेक परिच्छेद तपासला. तासभर लागला. “परिच्छेद निर्दोष आहे,” ते म्हणाले.

“आपोआप शब्द काढणारा एखादा मॅक्रो वगैरे लावला असेल तुम्ही?”

“मी मॅक्रो लावत नाही. शब्द माणसाने टाकावा आणि माणसानेच काढावा.”

“मग शब्द जातो कुठं?”

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज जरा बदलला. “बाळासाहेब, कोर्टात असताना हे वाक्य मी हजारदा टाईप केलं असेल. समोर बाई रडत असायची आणि मी ‘राजीखुशीने’ टाईप करायचो. मला दिसायचं सगळं. पण माझं काम टायपिंगचं. माझ्या हातून तो शब्द एकदाही गळला नाही, याचं मला आता फार वाईट वाटतं.” मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवत त्यांनी विचारलं, “आता कुणाचं हक्कसोड आहे हातात?”

“माझंच. शुक्रवारी.”

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग काकूंना म्हणाले, अजून एक कप टाक.

बुधवारी मी माझा दस्त टाईप करायला घेतला. लिहून देणार — आक्काचं नाव, वय, धंदा घरकाम, राहणार दौंड. लिहून घेणार — मी. ‘हसो’. एफ-थ्री.

‘सदरचा दस्त मी माझ्या             , अक्कलहुशारीने’.

मला राग आला. खरं सांगतो, भीती नाही, राग. म्हटलं, दुसऱ्यांचं ठीक आहे, आमच्या घरचं यात काय संबंध? आक्का स्वतः हो म्हणालीय. मी शब्द हाताने टाईप केला, प्रिंट काढली, जागा मोकळी. ठळक करून बघितला. फॉन्ट बदलला. ‘स्वखुशीने’ टाकला, तोही गेला. ‘आनंदाने’ टाकला, तर त्या जागी जरा जास्तच रुंद जागा राहिली. शेवटी बॉलपेन घेतलं आणि प्रिंटवर हाताने लिहायला गेलो. पेन त्या जागेवर उमटेना. तुम्ही म्हणाल शाई संपली असेल, मीही तेच म्हणालो. त्याच पेनने शेजारी मार्जिनमध्ये गॅसवाल्याचा नंबर लिहिला, तो झकास उमटला.

मग मी ठरवलं, असाच कागद न्यायचा. कोण वाचतंय? चोवीस वर्षांत दस्त वाचणारी बाई मी बघितली नाही. कुठं सही करायची तिथं फुली मारून द्यायची, बस.

शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन दौंडला गेलो. आक्का तयार होऊन बसली होती, हातात पेनसुद्धा. दाजी ड्यूटीवरून येऊन पेपर वाचत होते. मी म्हणालो, तिकडे गर्दी असते, एक प्रत इथंच सही करून ठेवू. फुलीवर बोट ठेवलं.

आक्काने चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

मी घड्याळ बघितलं, खोकलो, उशीर होतोय म्हणालो. ती शब्दावर बोट ठेवून वाचत राहिली. लहानपणी तिचा अभ्यास माझ्याहून चांगला होता. आई गेली तेव्हा ती नववीत होती, त्यानंतर शाळा सुटली आणि चूल हातात आली. शिरूरला टायपिंगच्या क्लासला तिलाच जायचं होतं, आबा म्हणाले पोरगी एकटी एसटीने नको, बाळूला जाऊ दे. मी क्लासहून आलो की ती मला बोटं कशी ठेवायची विचारायची आणि पोळपाटावर करून बघायची. हे सगळं मला त्या वेळीच का आठवलं, काय माहीत.

तिचं बोट थांबलं. “हितं काय राहिलंय रं?”

“काही नाही, एक शब्द.”

“कंचा?”

दाजींनी पेपर खाली केला.

“राजीखुशीने,” मी म्हणालो.

“मग लिही की.”

“लिहिलं जात नाही, आक्का.” आणि मग सांगून टाकलं सगळं. पाटसची बाई, आत्याबाईंचा दोनदा आलेला शब्द, बॉलपेन, सगळं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. दाजी उठले, दूध आणतो म्हणाले आणि पिशवी न घेताच बाहेर गेले.

“मग आता?” आक्का म्हणाली.

“आता काय... तुला विचारतो.” मी कागद बाजूला सरकवला. “आक्का, राजीखुशीने देतीस का?”

तिने पेनाला टोपण लावलं. “बाळू, मी सही करायलाच बसली व्हती. तू इचारलं नसतंस, तर आता झाली पन असती सही.”

“आन् आता?”

“आता इचारलंस न्हवं? मग इचार करून सांगते.”

मी रिकाम्या गाडीने परत आलो. ड्रायव्हरने विचारलं, ताई नाही आल्या? मी म्हणालो, विचार करतायत. तो म्हणाला, कशाचा? मी म्हणालो, तू पुढं बघून चालव.

त्यानंतर आक्का तीन महिने विचार करत होती. मध्येच फोन यायचा, “रोडच्या कडंला काय पेरलंय?” “बांधावरची बोर तोडलीस का काय?” दोनदा स्वतः रानात येऊन सगळ्या बांधाने चालून गेली. मोरपंखी साडी बायकोने तिला तशीच देऊन टाकली, म्हणाली कपाटात बघवत नाही. वकीलसाहेब मला ‘अहो बाळासाहेब’ म्हणायला लागले, म्हणजे ते चिडलेत. इकडे मनीषाने आपल्या मनाने एक पद्धत सुरू केली, ‘हसो’ दाबायच्या आधी बहिणीला एकटीला आत बोलावून विचारायचं. काही पार्ट्या शेजारच्या टायपिस्टकडे गेल्या. जाऊ देत, तो अजून सगळं हाताने टाईप करतो.

मागच्या महिन्यात, दुपारी दीडच्या सुमाराला, मी डबा उघडणार तेवढ्यात आक्का जिना चढून आली. एसटीने, एकटी, मोरपंखी साडीत. समोरच्या खुर्चीवर बसली.

“इचार झाला. मला निम्मं पाहिजे. रोडच्या कडंचं घर तू बांध, तेवढी जागा तुझी. बाकीचं समोरासमोर वाटून घेऊ. बरोबर हाय का?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. तोंडाने तर तसंच म्हणालो.

“मग कर टाईप.”

वाटपपत्राला ‘वाप’. त्यातही तेच वाक्य आहे, साळवे सरांनी सगळ्या दस्तांना एकच लावलंय, फक्त ‘मी’च्या जागी ‘आम्ही’. माझं बोट एफ-थ्रीवर गेलं आणि तिथंच थांबलं. कारण या दस्तात लिहून देणारा मीही होतो. चोवीस वर्षांत मी कधी ‘लिहून देणार’ झालो नव्हतो. आक्का म्हणाली, “काय झालं?” मी म्हणालो, काही नाही, आणि दाबलं.

‘सदरचा दस्त आम्ही आमच्या             , अक्कलहुशारीने’.

आक्का स्क्रीनकडे वाकून बघत होती. मला कुठं तोंड लपवू असं झालं. हाताने टाईप करायला गेलो तर तिने माझा हात धरला.

“माझ्याकडनं हाय,” ती म्हणाली. “म्हंजी तुझ्याकडनं न्हाई.”

दोन एकर हातातून जाताना जिवावर येत होतं, हे खरंच होतं.

तिला राग आला नाही, हेच मला जास्त लागलं. पिशवीतून भाकरीचं गाठोडं काढून तिने माझ्या डब्याशेजारी ठेवलं आणि उठली. “मला तीन महिने लागले, तू पन घे. खोटा शब्द नको कागदावर. आलं की फोन कर.” आणि तीनच्या एसटीने दौंडला गेली.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. साळवे सरांकडे नाही, शिक्रापूरच्या त्या माणसाकडे नाही. मनीषाची वही भरत आलीय, पण ती फक्त नोंदी करते, कारण सांगत नाही. वाचकांपैकी कुणी कॉम्प्युटरमधला जाणकार असेल तर जरूर लिहा, फक्त ‘फॉरमॅट मारा’ असं कृपया लिहू नका. मी अजूनही असलं काही मानत नाही.

पण रोज सकाळी ऑफिस उघडलं की मी आमचं वाटपपत्र काढतो, ‘वाप’ टाकतो आणि एफ-थ्री दाबतो. रविवारी आक्काच्या घरी जेवून आलो, उद्या आम्ही दोघं मोजणीवाल्याकडे जाणार आहोत. महिनाभर जागा मोकळीच होती. काल पहिल्यांदा तिथं काहीतरी उमटलं.

‘राजी’ एवढंच आलंय. ‘खुशीने’ अजून यायचंय.